नवशिक्यांसाठी सुतारकामाची कार्यशाळा: कुणी केली आहे का? कोणती निवडावी?

निशिगंधा७

नमस्कार मंडळी,

मला सुतारकाम शिकायचं आहे. धंदा म्हणून नाही, निव्वळ हौस. बँकेत नोकरी, दिवसभर आकडे आणि स्क्रीन. आजवर हाताळलेलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे विळी. त्यामुळे अगदी शून्यापासून सुरुवात आहे असं समजून सल्ला द्या.

पुण्यात हल्ली अशा बऱ्याच कार्यशाळा निघाल्या आहेत. त्यातल्या दोन मी बघून ठेवल्यात. पहिली शनिवार-रविवारची. फी सहा हजार, त्यात लाकूड, हत्यारं, चहा-जेवण सगळं आलं. शेवटी एक ट्रे आणि एक छोटं स्टूल घरी नेता येतं. त्यांचे फोटो इतके देखणे आहेत की पैसे भरायला हात शिवशिवतात. दुसरी चार रविवार सकाळची, एका निवृत्त शिक्षकांच्या शेडमध्ये. फी जवळपास तेवढीच. फक्त हातहत्यारं, मशीन नाही. फोनवर सरांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "वस्तू करायची घाई असेल तर येऊ नका. चार रविवारांत तुम्ही धार लावाल, सरळ कापाल आणि दोन सांधे कराल. घरी न्यायला ते सांधेच."

नवऱ्याचं म्हणणं, पहिलीला जा, निदान स्टूल तरी येईल.

अजून दोन शंका. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, एक चिंचोळी बाल्कनी आहे. तिथे पुढे काही करता येतं का, की सोसायटीची तक्रार ठरलेलीच? आणि मनगटात फार जोर नाही, त्याने अडतं का?

---

सरळरेषा

ट्रेवाल्यांना फोन करून एकच विचारा: लाकूड कापणार कोण?

बहुतेक वीकेंड कार्यशाळांमध्ये तुकडे आधीच मापात कापून, रंधून ठेवलेले असतात. तुमच्या वाट्याला येतं पॉलिश पेपर घासणं, फेविकोल लावणं, स्क्रू पिळणं आणि तेल चोपडणं. वस्तू छान होते, कारण त्यातला अवघड भाग आदल्या दिवशी त्यांच्या कारागिराने टेबल सॉवर केलेला असतो. यात फसवणूक काही नाही. दोन दिवसांत अनोळखी माणसाच्या हातून स्टूल घडवायचं तर दुसरा मार्गच नाही. फक्त ती सहल आहे, शिक्षण नाही, हे कळून पैसे भरावेत.

दुसरा प्रश्न: किती जणांमागे एक शिकवणारा आणि किती बाकं? मी ज्या पहिल्या कार्यशाळेला गेलो होतो (नाव घेत नाही) तिथे चौदा जण आणि ड्रिल दोन. अर्धा दिवस चहा पिण्यात आणि एकमेकांच्या नोकऱ्या विचारण्यात गेला.

तुमचे ते फोनवरचे सर मला मात्र फार आवडले.

---

चिंगी

मी ट्रेवाली केली आहे (वेगळ्या शहरात) आणि मला मज्जा आली बुवा. सगळ्यांनाच गुरुकुलात जायचं नसतं. मला दोन दिवस मोबाईल बाजूला ठेवून हाताने काहीतरी करायचं होतं, ते झालं. ट्रेमध्ये रोज चहा देते. पाहुणे विचारतात तेव्हा "मी केला" म्हणते, तुकडे आधीच कापलेले होते हे सांगत नाही :)

---

वाकस

निशिगंधाताई, दुसरीला जा.

आमचं घर सुतारांचं, सातारा जिल्ह्यातलं गाव. मी स्वतः चाकणला कंपनीत आहे, पण आजोबांच्या हाताखाली वाढलो. ते बलुत्यावर काम करायचे, नांगर, कुळव, पाभर, आणि मुख्य म्हणजे बैलगाडी. गाडीचं चाक करणं ही परीक्षा. मधला तुंबा, त्यात बसणारे आरे, बाहेरून पुठ्ठे म्हणजे लाकडी कडेचे वाकडे तुकडे, आणि त्यावर लोहाराची लाल तापवलेली धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवायची. धाव गार होताना आवळते आणि सगळं एकजीव होतं. आऱ्याचं कुसू, म्हणजे आत बसणारं टोक, तुंब्यात कागदाएवढं जरी सैल राहिलं तरी चाक दोन सुगीत खिळखिळं. लाकूड बाभळीचं, तेही वाळवून मुरवलेलं. ओल्या लाकडाला आजोबा हात लावत नसत.

आम्हा पोरांना सुरुवातीला काय दिलं, तर दगड. कुरुंदाच्या दगडावर पटाशी (लाकूड कोरायचं सपाट पात्याचं हत्यार) घासत बसायचं. मग करवत ओढायची, तीही सरपणाच्या लाकडावर. वर्षभर चांगल्या फळीला हात लावू दिला नाही. तेव्हा राग यायचा. पण आज सांगतो, धार नसलेल्या पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती निसटते, आणि निसटली की डाव्या हातात घुसते. सुताराच्या हातावरच्या खुणा बघा, बहुतेक बोथट हत्याराच्या असतात. म्हणून मनगटात जोर नाही याची काळजी करू नका. धार असेल तर जोर लागत नाही.

जो माणूस धारेपासून सुरुवात करतो त्याच्याकडं डोळे मिटून जावं.

---

इंजिनिअर_बाळ

विरोधी मत नोंदवतो, मारू नका.

हातहत्यारांचं हे प्रेम मला जरा जास्तच गोड वाटतं. आज आपल्या घरातलं नव्वद टक्के फर्निचर प्लायवूडचं असतं, आणि प्लायवर रंधा मारून काही होत नाही. आठ बाय चार फुटांची अठरा मिलिमीटरची शीट हातकरवतीने सरळ कापून दाखवा, मी जेवण देतो. किचनचं कपाट, पुस्तकांचा रॅक, मुलांचा डेस्क असं काही पुढे करायचं असेल तर सर्क्युलर सॉ, ड्रिल, ट्रिमर शिकवणारी कार्यशाळा धरा. तिथे प्लायचे प्रकारही कळतात. घरातल्या कोरड्या भागासाठी आयएस (भारतीय मानक) ३०३, जिथे पाणी सतत लागतं तिथे आयएस ७१० म्हणजे मरीन. दुकानदार तोंडाने "वॉटरप्रूफ" काहीही म्हणतो, शीटवरचा छाप वाचायचा.

आणि हो, यूट्यूबवर हे सगळं फुकट आहे.

---

सरळरेषा

@इंजिनिअर_बाळ, प्लायचा मुद्दा सोळा आणे मान्य. ज्यांना कपाटं करायची आहेत त्यांनी मशीनच शिकावं. पण निशिगंधा यांनी कपाटाचा शब्दही काढलेला नाही.

यूट्यूबबद्दल थोडं असहमत. व्हिडिओत तुमची चूक दिसत नाही, त्याचं बरोबर दिसतं. करवत उजवीकडे का वाहतेय हे व्हिडिओ सांगणार नाही. शेजारी उभा असलेला माणूस एका सेकंदात म्हणतो, "कोपर अंगाजवळ घ्या." बस, करवत सरळ.

---

माळरान

सहा हजार रुपये भरून सुतारकाम "शिकायचं", आणि घरी खऱ्या सुताराने दिवसाची मजुरी सांगितली की पाचशेने घासाघीस करायची. शहरी चोचले. बोललो तर राग येतो.

---

निशिगंधा७

@माळरान, राग नाही आला. घासाघीस करत नाही हे मात्र नम्रपणे नमूद करते.

---

वाकस

माळरानभाऊ, भावना कळते. पण माझं वेगळं मत आहे. आमच्या आळीत आता एकही पोरगं वाकस (लाकूड तासायचं हत्यार) धरत नाही, मीही धरत नाही. गाडीला टायर आले, नांगर लोखंडाचे झाले, बलुतं बंद झालं, म्हणून. शहरातल्या हौशी माणसामुळं नाही. उलट ज्यानं एकदा स्वतः कुसू कापून बघितलं तो सुताराला "एवढ्याशा कामाचे एवढे?" असं परत विचारत नाही. माझ्या ऑफिसातल्या एका साहेबांना मी पाट करायला शिकवलं. त्यानंतर त्यांच्या बोलण्यात "सुतार" हा शब्द जरा जपून यायला लागला.

---

अण्णा_ठाणे

फार चांगला धागा. थोडं अवांतर करतो, वयाचा मान राखून सहन करा.

आमच्या शाळेत आठवड्यातून दोन तास सुतारकाम असे. लांबलचक बाकं, प्रत्येकाला एक शिकंजा, भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या रंगवलेल्या, म्हणजे तास संपला की कोणती पटाशी परत आली नाही ते मास्तरांना दुरूनच दिसे. आम्ही केलेली पहिली वस्तू म्हणजे पाटीची चौकट. चारही कोपरे काटकोनात आले नाहीत तर मास्तर गुण्या लावून नुसते बघत. मारत नसत. ते बघणंच पुरे होई.

हा विषय शाळेत आला कुठून हे पुढे कुतूहल म्हणून वाचलं. फिनलंडने १८६६ मध्ये शाळेत हस्तकाम सक्तीचं केलं. मग स्वीडनमध्ये नेस या गावी ओट्टो सालोमन यांनी शिक्षकांसाठी स्लॉइड नावाच्या पद्धतीचं प्रशिक्षण सुरू केलं आणि जगभरचे शिक्षक तिथे येऊन शिकून गेले. त्यांचा क्रम मोठा गमतीचा होता. मुलाच्या हातात आधी करवत नाही, रंधा नाही, तर सुरी. सुरीने काठी तासायची. का, तर लाकडाचे रेषे कोणत्या दिशेला धावतात हे सुरीइतकं स्पष्ट दुसरं कुठलंही हत्यार सांगत नाही. वस्तूही घरात उपयोगी पडेल अशीच, नुसता नमुना नाही. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, नई तालीम. तिथे चरखा पुढे राहिला, पण सुतारकामही होतंच.

तेव्हा निशिगंधा, तुमचे ते सर घाई करू नका म्हणतात त्यामागे दीडशे वर्षांची परंपरा आहे. ते स्वतः टेक्निकल हायस्कूलचे असतील अशी माझी पैज.

---

कोहम_मेलबर्न

अण्णा, दंडवत.

इथे ऑस्ट्रेलियात एक प्रकार आहे, मेन्स शेड. निवृत्त पुरुष घरी बसून खचत जातात, डॉक्टरकडे जात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, म्हणून गावोगावी सार्वजनिक शेड काढल्या. या नावाची पहिली शेड १९९८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात टोंगाला या छोट्या गावात निघाली. आता देशभर आहेत, २००७ पासून त्यांची राष्ट्रीय संघटनाही आहे. वार्षिक वर्गणी किरकोळ, हत्यारं सामायिक. बालवाडीची खेळणी, बागेतली बाकं, कुणाची मोडकी खुर्ची असं काहीबाही चालू असतं. त्यांचं एक घोषवाक्य आहे, त्याचा अर्थ असा की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात.

माझे सासरे सहा महिने राहायला आले होते. कोल्हापूरचा माणूस, इंग्रजी कामापुरतं. पहिले पंधरा दिवस टीव्ही आणि उसासे. मग एका शेजाऱ्याने त्यांना शेडमध्ये नेलं. संध्याकाळी परत आले ते कपड्यांवर भुसा घेऊन आणि "अरे, तो बिल रंधा उलटा मारतो" अशी तक्रार घेऊन. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून तयार.

पुण्या-मुंबईत असं काही का नाही? कार्यशाळा संपल्यावर माणूस घरी येतो आणि हत्यारं-जागा नसल्याने सगळं थांबतं. खरी गरज सामायिक शेडची आहे. नाव अर्थात बायकांनाही चालेल असं ठेवा.

---

चिंगी

"बिल रंधा उलटा मारतो" :)))))

---

पाटपोळी

वाचनखूण साठवली आहे. एक माहिती: सरकारची पीएम विश्वकर्मा योजना आहे ना, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. त्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. ती घेता येईल का?

---

वाकस

नाही हो पाटपोळी. ती परंपरेनं हाताचं काम करून पोट भरणाऱ्यांसाठी आहे. अठरा व्यवसाय आहेत त्यात, सुतार त्यातला एक. हौशी माणसानं त्या रांगेत उभं राहू नये.

ज्याला पोटासाठीच शिकायचं आहे त्याच्यासाठी आयटीआयचा सुतार ट्रेड आहे, एक वर्षाचा. नाहीतर शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला. शाळेत मन न रमलेली पोरं तिथं वर्षभर राहून सुतारकाम, वेल्डिंग, बांधकाम, शेती असं सगळं हातानं शिकतात. नुसती बघायला म्हणून एकदा जाऊन यावं अशी जागा.

---

रेवती_सावंतवाडी

आमच्या गावाचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते. सावंतवाडीला आलात तर चितार आळीत चक्कर मारा. लाकडी फळं, भाज्या, पोळपाट-लाटणी, पाट. फळांना पूर्वीपासून पांगाऱ्याचं लाकूड, कारण ते हलकं आणि मऊ. कातायला बसलेला माणूस फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी नुसती टेकवतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग चढतो. वेगळा ब्रश नाही, डबा नाही. दुकानदार मोकळा असला तर दाखवतो. कार्यशाळेआधी एक तास असं कुणाचे हात बघणं फार उपयोगाचं.

---

सरळरेषा

सुरक्षिततेवर कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

मशीनची कार्यशाळा असेल तर फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत. हे उलटं वाटतं, पण मोजा पात्यात अडकला की बोटासकट ओढला जातो. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस, गळ्यातलं, बांगड्या, सगळं दूर. डोळ्यांवर गॉगल हवाच. मास्कही हवा. लाकडाची धूळ निरुपद्रवी वाटते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच ती कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. वर्षानुवर्षं त्यात राहणाऱ्या कारागिरांना खरा धोका. हौशी माणसाने बंद खोलीत पॉलिश पेपर घासू नये एवढं पाळलं तरी पुष्कळ.

ज्या कार्यशाळेत अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावून कापताना दिसतील, तिथून चप्पल घालून निघा. आपल्याकडे साइटवर हे सर्रास चालतं. ते पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं आणि कुठे जाईल याचा नेम नाही.

अजून एक, जे फार कमी लोक सांगतात. जवसाचं तेल पुसलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, ढिगात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर मोकळं वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून टाका.

---

निशिगंधा७

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी! रविवारच्या सरांकडे नाव नोंदवलं. (अण्णा, पैज जिंकलात. सर टेक्निकल हायस्कूलमध्येच होते.) नवऱ्याला सांगितलं की स्टूल येईल, पण त्याची तारीख विचारायची नाही.

---

अण्णा_ठाणे

पैजेचा चहा पुण्याला आलो की वसूल करीन.

---

निशिगंधा७

अपडेट द्यायचा राहून जात होता.

आम्ही सहा जण. एक आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, एक बापलेकाची जोडी, एक दाताचे डॉक्टर (यांचा हात बघून आम्ही सगळे जळतो), एक निवृत्त काका आणि मी.

पहिला दिवस पूर्ण धारेचा. सरांनी प्रत्येकाला एक नवीकोरी पटाशी दिली आणि म्हणाले, दुकानातून आलेली पटाशी हा कच्चा माल समजा. जाड काचेच्या तुकड्यावर पाणी मारून त्यावर काळा पॉलिश पेपर बसवायचा, तो गाडीच्या रंगकामाचा मिळतो ना, तो. आधी ४०० नंबर, मग १०००, मग २०००. सुरुवात उतरत्या बाजूने नाही, पाठीने. पाठ वरवर सपाट दिसते, पण दोन-चारदा घासली की नुसते कोपरे चमकतात आणि मध्ये मळकट बेट राहतं. ते बेट टोकाशी नाहीसं होईपर्यंत घासायचं. पूर्ण पाठ नाही, पुढचा इंचभर पुरे. माझं व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला, बोटं काळी आणि सुरकुतलेली.

मग उतार. पंचवीस अंशांत धरून घासायचं आणि मधूनमधून पाठीकडून बोट बाहेरच्या दिशेने अलगद फिरवायचं. एका क्षणी बोटाला बारीक खरखर लागते. ती कड पूर्ण रुंदीभर लागली की पुढचा नंबर, एका कोपऱ्यात लागत नसेल तर तिथे अजून पोहोचलोच नाही. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढून ती कड काढायची. परीक्षा मात्र कागद कापून नाही. सर पाइनचा तुकडा उभा धरायला लावतात आणि त्याच्या टोकाकडून, म्हणजे जिथे रेषे कापलेले दिसतात तिथून, पातळ साल काढायला सांगतात. धार नसेल तर पाइन तिथे चुरगळतं आणि पांढरट, खडबडीत दिसतं. धार असेल तर टोक मेणासारखं गुळगुळीत निघतं. सागवानावर ही परीक्षा घेत नाहीत, कारण मऊ लाकूडच धारेची लबाडी पकडतं असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या रविवारी आखणी आणि करवत. पेन्सिल फक्त ढोबळ खुणेला. खरी रेघ सुरीने, गुण्या टेकवून. सुरीने रेषे कापले जातात, त्यामुळे करवत लागली तरी कडा फाटत नाही, आणि पटाशीला टेकायला एक बारीक पायरी मिळते. रेघ ठेवून कापायचं, रेघ खाऊन नाही. सरळरेषा, कोपर अंगाजवळ, करवत तर्जनीने दाखवल्यासारखी धरायची, आणि जोर लावायचा नाही, तिचं वजनच पुरे, असं सगळं ऐकलं. तरी पहिले काही काप केळीच्या पानासारखे तिरके. मग अर्धखाचेचा सांधा केला, दोन तुकडे निम्मे निम्मे कोरून एकमेकांत. बसला. जरा सैल, पण बसला.

बाल्कनीचा प्रश्न सरांना विचारला. म्हणाले, करवत आणि रंध्याचा आवाज मिक्सरपेक्षा कमी, तक्रार येते ती मोगरीने पटाशी ठोकल्याची. बाकाच्या पायांखाली जाड रबर घाला आणि ठोकायचं काम दुपारी चार ते सहा.

आता तुमच्याकडून हवंय: लाकूड कुठून घेऊ, आणि स्वतःचा रंधा घ्यायचा आहे तर नवा की जुना?

---

वाकस

ताई, अर्धखाच सैल बसली म्हणता, हरकत नाही. पुढच्या वेळी रेघेच्या आत अर्धा केस सोडून कापा आणि उरलेलं पटाशीनं खा.

लाकडाचं: सुरुवातीला सागवान घेऊच नका. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जाऊन पाइनचे किंवा देवदारचे कापातले उरलेले तुकडे मागा. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनही चालतं, पण त्यावरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते सोडा. शिक्काच नसेल तर तेही सोडा. खिळे एकूण एक काढा, एक राहिला तर रंध्याचं पातं गेलं.

पुढं मागं चिरीव सागवान घ्याल तेव्हा भाव घनफुटावर असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार भागिले १४४. हा हिशेब आपला आपण करून मगच दुकानात बोलावं. गोल ओंडक्याचं माप वेगळं. घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग, गुणिले लांबी. त्यात खऱ्या आकारमानाच्या साधारण ७८ टक्केच धरलं जातं, बाकी चिराईतलं नुकसान समजायचं. जुनी इंग्रजी पद्धत आहे.

---

इंजिनिअर_बाळ

अजून एक, पुण्यात विशेष. एप्रिलमध्ये केलेला ड्रॉवर जुलैमध्ये उघडत नाही, तो का? लाकूड लांबीला जवळपास हलत नाही, पण रुंदीला हलतं. फूटभर रुंद सागवानी फळी उन्हाळा ते पावसाळा दोन-अडीच मिलिमीटर सहज फुगते. म्हणून जुन्या दारांत फळी चौकटीच्या खोबणीत मोकळी सोडलेली असते, चिकटवलेली नसते. ट्रे करताना तळाला प्लाय वापरलात तर ही कटकट नाही. (बघा, शेवटी प्लायच.)

मला वाटलं होतं हातहत्यारवाले हे सांगतील, पण ते पाठ घासण्यात मग्न.

---

सरळरेषा

:) मान्य. पुढच्या भेटीत जेवण माझ्याकडून, शीट कापायची अट रद्द.

रंधा: जुना घ्या. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात लोखंडी रंधे मिळतात. चार नंबरचा, म्हणजे साधारण साडेनऊ इंची, सुरुवातीला योग्य. गंज चढलेला असला तरी घाबरू नका, वरचा गंज निघतो. बघायचं ते दुसरंच.

---

निशिगंधा७

जुना बाजार रविवारी असतो ना? रविवारी सकाळी माझा क्लास.

---

सरळरेषा

बुधवारीही असतो.

---

वाकस

आणि हे तपासून घ्या. रंधा उलटा करून तळाच्या फटीच्या दोन्ही टोकांना बघा, केसासारखी चीर असेल तर फुकट दिला तरी नको. पातं बाहेर काढून पाठीला धारेजवळ खड्डे पडलेत का बघा, पाठीवर वर कुठं असले तर चालतात, टोकाशी नको. पात्यावर जी दुसरी पट्टी स्क्रूनं बसते ती लावून उजेडासमोर धरा. दोघांमधून उजेड दिसला तर त्यात साल अडकत राहणार, पण ते घासून सुधारता येतं. लाकडी मूठ मोडकी असली तर उत्तमच, भाव त्यावर पाडा. मूठ आपण करू.

---

निशिगंधा७

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, "वैयक्तिक" लिहिलं.

---

माळरान

किती म्हणाला ते इथे सांगा. मग मी सांगतो कितीला द्यायला हवा होता.